एका पंगतीची कसोटी

१९०७ साली जळगावात महाराष्ट्र कविसंमेलन भरले. खानदेशच्या वाङ्मयीन इतिहासातला तो मानाचा प्रसंग. धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या वयाच्या मुलाने तेथे कविता म्हटल्या आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली. संमेलनाला रेव्हरंड नारायण वामन टिळकही आले होते. पुढे हा मुलगा अहमदनगरला टिळकांच्या बिऱ्हाडी जाऊन राहिला. घर ख्रिस्ती, मुलगा हिंदू ब्राह्मण. त्या घराने त्याला माया दिली. मोबदल्यात धर्म मागितला नाही. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळच्या भादली स्थानकात रेल्वेखाली सापडून त्याचा अंत झाला, तोवर तो हिंदूच होता.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हा ठोमरे घरच्या मुलासारखा वावरतो. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत निघालेले हे पुस्तक मी पुन्हा वाचले, ते एक प्रश्न मनात धरून. आसरा देणाऱ्याच्या हाती सत्ता आपोआप येते. ती सत्ता न वापरणे, यालाच आपण कृपा म्हणतो का?

आद्य ख्रिस्तसभेलाही हाच प्रश्न पडला होता. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातील एकचित्त, सर्व काही समाईक मानणाऱ्या समुदायाचे वर्णन आपण प्रवचनांतून नेहमी ऐकतो. परंतु त्याच पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात रोजच्या अन्नवाटपात ग्रीकभाषी विधवांची उपेक्षा होते आणि त्यावरून कुरकुर सुरू होते. आठव्या अध्यायात शिमोन जादूगार पवित्र आत्म्याचे दान पैसे टाकून विकत मागतो. त्याला कृपा नको, अधिकार हवा आहे. करिंथ येथे तर प्रभुभोजनाच्या वेळी सुखवस्तू आधीच जेवून तृप्त होत आणि गरीब उपाशी राहत. संत पौलाचा संताप तेथे उफाळून येतो. विशेष हे की, ख्रिस्तसभेची परीक्षा त्याने पंगतीत घेतली. कोण आधी जेवतो, कोण मागे राहतो, यावरून तेथे कृपा नांदते की सत्ता, हे त्याला कळले.

महाराष्ट्रात ही परीक्षा अधिक कठीण. कारण येथे पंगतीला जात चिकटलेली आहे. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा (आपण स्नानसंस्कार म्हणतो) घेतला, तो पत्नीला विश्वासात न घेता. ख्रिस्ताच्या प्रेमापोटी घेतलेल्या त्या निर्णयात नवरेपणाचा अधिकारही होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला काही वर्षांचा वियोग आला. पुढे त्या पतीकडे परतल्या, तरी आपले सोवळे आणि स्वयंपाक त्यांनी वेगळाच ठेवला. टिळकांनी तो चालू दिला. जातिभेद देवाचा की माणसांचा, याचा निवाडा बाईंनी स्वतःच्या मनाशी केला आणि मग कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचे ठरवले. त्यांचा स्नानसंस्कार १९०० साली झाला. तो विधी नंतरचा. माझ्या मते कृपेचा प्रवेश पाण्याच्या त्या घोटाबरोबरच झाला होता. पहिल्या खेपेस दामटून नेणारा नवरा दुसऱ्या खेपेस थांबला, म्हणून तो होऊ शकला.

पुस्तकाचे मोठेपण लक्ष्मीबाईंच्या विनोदातही आहे. टिळकांचा विसरभोळेपणा, त्यांचा राग, हाती पैसा न टिकणे, सारे त्या हसत सांगतात. संतचरित्रकार नायकाला उंच आसनावर बसवतो. ही बाई त्याला आपल्याबरोबर पाटावर बसवते. त्यामुळे त्याची उंची कमी होत नाही, उलट तो आपल्याला जवळचा वाटू लागतो.

मात्र एक उणीव नोंदवली पाहिजे. ज्यांच्या हातचे पाणी बाईंनी स्वीकारले, त्या महार-मांग ख्रिस्ती बंधुभगिनींच्या बाजूने हे पुस्तक लिहिलेले नाही. त्यांना त्या पाण्याविषयी काय वाटले? ‘आता बाई आमच्या पंगतीत आल्या’ असे, की ‘आम्ही तर केव्हापासून बसलो होतो’ असे? सोडणाऱ्याचा त्याग लिहिला जातो. ज्याच्यापाशी सोडण्यासारखे काहीच नव्हते त्याची कृपा अलिखित राहते.

१९१७ साली टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची सेवा सोडून ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तशिष्यांचा हा बंधुसंघ. ९ मे १९१९ रोजी ते निवर्तले आणि तो प्रयोग वाढू शकला नाही. स्नानसंस्काराविना ख्रिस्तसभा ही कल्पना आपल्याला मान्य होण्यासारखी नाही, आणि मीही ती मान्य करीत नाही. परंतु पगार, पद आणि परकीय पैसा यांच्या जोरावर चालणारी मंडळी ख्रिस्ताची साक्ष कशी देणार, हा टिळकांचा सवाल त्यामुळे खोटा ठरत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या घटनापत्रात देवाच्या प्रजेचे प्रकरण आधी ठेवले आणि श्रेणीबद्ध अधिकाराचे नंतर. हा क्रम विचारपूर्वक ठेवलेला आहे.

वाचकहो, मी हे लिहितो आहे ते एका खुर्चीमुळे. धुळ्याकडील एका वस्तीत मिस्सेनंतर जेवण होते. सारे जमिनीवर बसले. माझ्यासाठी खुर्ची, टेबल आणि स्टीलचे नवे ताट आले. मी बसलो. प्रेमाने दिले होते, नाकारणे बरे दिसले नसते, अशी माझी मी समजूत घातली. समोर एक म्हातारी भाकरी हातावर घेऊन जेवत होती आणि मधूनमधून माझ्या ताटात काही कमी तर नाही ना, हे पाहत होती. त्या पंगतीत कृपा होती यात शंका नाही. पण ती खुर्चीवर नव्हती.

‘स्मृतिचित्रे’ अनेक घरांत असेल. ते खाली काढा, आणि वाचताना आपापली खुर्ची आठवा.