जोड्या पाठ करून भागत नाही

सारख्या दिसणाऱ्या इंग्रजी शब्दांच्या याद्या तुम्हीही पाठ केल्या असतील. या याद्यांची अडचण अशी, की त्या शब्द एकटाच दाखवतात. 'प्रिस्क्राइब' म्हणजे नेमून देणं, 'प्रोस्क्राइब' म्हणजे बंदी घालणं. एक अक्षर चुकलं की प्रबंधातलं वाक्य उलटं होतं. साधा स्पेलचेकर गप्प, कारण त्याच्या लेखी दोन्ही शब्द बरोबरच!

मूळ शोधूनही दरवेळी सुटका नाही. 'डिस्क्रीट'ची दोन स्पेलिंगं, पण लॅटिन मूळ एकच, उच्चारही एकच. दोन 'ई' शेजारी असतील तर जपून बोलणारा माणूस; मध्ये 'टी' येऊन ते सुटे झाले, तर सुटी-सुटी मूल्यं घेणारं संख्याशास्त्रातलं व्हेरिएबल.

म्हणून वहीत जोडी नको, शब्दासोबत येणारं नाम आणि अख्खं वाक्य उतरवा.