यशस्वी कोण? : पडद्यावरची सामाजिक शास्त्रे आणि आपली मुले

सामाजिक शास्त्रे हा 'सोपा' विषय आहे, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. गणितात आणि विज्ञानात डोके लागते. इतिहास, नागरिकशास्त्र, भूगोल काय, शेवटच्या आठवड्यात पाठ करता येतात! हा समज केवळ पालकांचा नाही, व्यवस्थेचाही आहे. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि राज्याच्या दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला. इतर विषयांच्या गुणांची सरासरी काढून भूगोलाचे गुण देण्यात आले. त्या परिस्थितीत दुसरा मार्ग नसेलही. पण त्या पेपरावाचून कोणाचे काही अडले असे दिसले नाही. पुढच्या वर्षी, 2021 मध्ये, परीक्षाच झाली नाही आणि निकाल लागला 99.95 टक्के. शिक्षणातील 'यश' या शब्दाचा अर्थ आपण किती सैल केला आहे, हे समजण्यासाठी हा एक आकडा पुरे.

मी महाविद्यालयात शिकवतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच. त्यामुळे शिक्षणाच्या प्रत्येक नव्या साधनाकडे मी आधी आशेने पाहतो आणि मग संशयाने. ऑनलाईन अभ्यासक्रमाकडेही मी तसाच पाहत आलो आहे. पण या विषयावर लिहिण्यास मला भाग पाडले ते माझ्या भाचीने.

शाळा बंद झाली तेव्हा ती नववीत जाणार होती. घरात मोबाईल एकच, आणि तो तिच्या बापाबरोबर कामावर जायचा. वर्ग मोबाईलवर भरत होता आणि मोबाईल घरात नव्हता. 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातील सुमारे 15 टक्के कुटुंबांकडेच इंटरनेटची सोय आढळली होती. संगणक तर शंभरात चार-पाच घरांत. उरलेली घरे कोणाची, हे सांगण्यासाठी पाहणीची गरज नाही. भाची त्या उरलेल्यांत होती. पुढच्या हंगामात ती आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली आणि शाळा सुटली ती सुटलीच. तीन वर्षांनी ती मला म्हणाली, "मामा, मला धावी करायचीय." आम्ही मुक्त शाळेचा फॉर्म भरला. विषयांत सामाजिक शास्त्रे होती. ती मोबाईलवर धडे पाहू लागली आणि सुट्टीत गावी गेलो की मी तिच्या शेजारी बसू लागलो.

येथे एक गोष्ट आधी स्पष्ट केली पाहिजे. दूर राहून, कामधंदा सांभाळून शिकणे ही कल्पना आपल्याला परकी नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1855 साली श्रमिकांसाठी रात्रीची शाळा काढली. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1946 साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. शाळेची वेळ कष्टकऱ्याच्या वेळेशी जुळवून घेणे, ही आपलीच परंपरा आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या नोंदणीची मुदत पाच वर्षे असते आणि त्या काळात परीक्षेला बसण्याच्या नऊ संधी मिळतात. हंगामासाठी घर सोडून जाणाऱ्या मुलीसाठी ही सवलत लहान नाही.

आणखीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. लहानग्या भीमरावांना साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या तरटावर वेगळे बसावे लागले, हे आपण सर्वजण जाणतो. मला कोणी तरटावर बसवले नाही. पण पहिल्याच दिवशी आडनाव विचारल्यावर गुरुजींच्या चेहऱ्यावर जे उमटले, ते मी विसरलेलो नाही. मोबाईलचा पडदा आडनाव विचारत नाही. समजले नाही तर तोच धडा तो दहा वेळा सांगतो आणि दहाव्या वेळीही त्याच्या आवाजात तुच्छता नसते. भाची मला म्हणाली, "ह्यो मास्तर वरडत न्हाई." वर्गाच्या आठवणींनी गहिवरणाऱ्या अभिजनांनी हे वाक्य ऐकावे. त्यांचा वर्ग आणि आमचा वर्ग एक नव्हता.

पण पडद्याला जसा विटाळ नाही, तसे कानही नाहीत. माझा खरा आक्षेप येथून सुरू होतो.

मूलभूत हक्कांचा धडा चालू होता. धडा संपला आणि पडद्यावर प्रश्न आला : अस्पृश्यता कोणत्या कलमाने नष्ट करण्यात आली? चार पर्याय. भाचीने 17 वर बोट ठेवले. उत्तर बरोबर! मग तिने मोबाईल खाली ठेवला आणि मला विचारले, "मामा, हे सतरावं कलम आपल्या गावाला लागू हाय का? मग आपल्या वस्तीचा नळ शेवटाला का? वरच्या आळीचं भरून झाल्याबिगर आपल्याकडं पाणी का येत न्हाई?"

त्या क्षणी सामाजिक शास्त्राचा खरा तास सुरू झाला होता आणि पडदा केव्हाच पुढच्या धड्यावर गेला होता.

मी तिला पंधराव्या कलमाचा दुसरा भाग वाचून दाखवला. विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते यांच्या वापराबाबत कोणावर बंधन घालता येणार नाही, असे तेथे म्हटले आहे. हे शब्द कागदावर आपोआप उतरलेले नाहीत. 1923 साली मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला, पुढच्या वर्षी महाडच्या नगरपालिकेने तळे खुले केले, तरीही पाणी मिळेना; म्हणून 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांना हजारोंसह चवदार तळ्यावर जावे लागले. ठराव आणि ओंजळ यांच्यामधले हे अंतर म्हणजेच नागरिकशास्त्र. चार पर्यायांच्या प्रश्नात फक्त ठराव मावतो.

आणि कधी कधी तोही मावत नाही. 2020 साली अभ्यासाचा भार कमी करायचा म्हणून केंद्रीय मंडळाने दहावीच्या सामाजिक शास्त्रांतून त्या वर्षापुरती जी प्रकरणे गाळली, त्यांत लोकशाही आणि विविधता, लोकांचे लढे आणि चळवळी, तसेच लिंगभाव, धर्म आणि जात ही प्रकरणे होती. भार कोणाला होत होता? ज्याला जात रोज वाहावी लागते, त्याच्या पाठीवरून जात उतरली नाही. फक्त पुस्तकातून उतरली.

ऑनलाईन अभ्यासात यशस्वी कसे व्हावे, याचे सल्ले आता जिकडेतिकडे मिळतात. रोजची वेळ ठरवा, शांत खोली निवडा, धडा थांबवून टिपणे काढा, नकाशे हाताने भरा, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवा, स्वाध्याय मुदतीआधी द्या. हे सल्ले चुकीचे नाहीत. भाचीने धडा थांबवून आपल्या शब्दांत लिहायला सुरुवात केली तेव्हाच तिची भीती गेली. कोरा नकाशा तर कोणीही हाताने भरल्याशिवाय शिकत नाही. पण या सल्ल्यांतला विद्यार्थी कोण आहे? त्याला खोली आहे आणि तो एकटा आहे. आपल्या मुलीला खोली नाही. पण ती एकटीही नाही. तिच्याजवळ आजी आहे, बहात्तरचा दुष्काळ आणि खडीचे काम डोळ्यांनी पाहिलेली. वस्ती आहे. ग्रामसभा आहे. हा तिचा कमीपणा नसून तिचे ग्रंथालय आहे, हे तिला कोणत्याही सल्ल्यात सांगितलेले नसते.

आता मला माझाच एक अपराध सांगितला पाहिजे. मुक्त शाळेच्या परीक्षेत 20 टक्के गुण घरून लिहून द्यायच्या स्वाध्यायाला असतात. स्थानिक स्वराज्य संस्थांवरच्या प्रश्नाला भाचीने जे उत्तर लिहिले, त्यात नळ होता. ती ग्रामसभेला गेली होती, तेथे तिने प्रश्न विचारला होता, 'रीतसर अर्ज दे' असे तिला सांगण्यात आले होते आणि तिने अर्ज दिलाही होता. हे सगळे तिने दीड पान लिहिले होते. मी ते वाचले आणि तिला खोडायला लावले. तपासणाऱ्याला मुद्दे हवे असतात, असे मी म्हणालो. रचना, कार्ये, उत्पन्नाची साधने, असे लिही. तिने मुकाट्याने खोडले आणि विचारले, "मग खरं कुठं लिहायचं?"

मला उत्तर देता आले नाही. मी त्या व्यवस्थेत पास झालेला माणूस आहे आणि पास होण्याची किंमत कोणती, हे त्या एका वाक्याने माझ्यापुढे ठेवले. पडद्याला दोष देत मी बसलो होतो. पडद्याचे काम तर मीच केले होते.

तिच्या प्रश्नाचे उत्तर आपल्या साहित्याने केव्हाच दिले आहे. दया पवारांचे 'बलुतं' 1978 साली आले, लक्ष्मण माने यांचे 'उपरा' 1980 साली, बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' 1986 साली. आपण त्यांना आत्मकथने म्हणतो. मी त्यांना अभ्यासक्रमाने खोडलेले दीड पान म्हणतो. ही पुस्तके पदवीच्या वर्गाची वाट पाहत का बसावीत? पडद्यावर दहावी करणाऱ्या मुलामुलींच्या हाती ती आजच गेली पाहिजेत. आपल्या बुद्धविहारांत, समाजमंदिरांत आठवड्यातून दोन संध्याकाळी पाचसात मुलांनी एका मोबाईलभोवती बसावे. एकाने धडा थांबवावा आणि दुसऱ्याने विचारावे, 'हे आपल्या गावात कसे आहे?' त्यांच्याबरोबर आपल्यापैकी एखाद्या शिकलेल्याने बसावे, उत्तर देण्यासाठी नव्हे, प्रश्न खोडला जाऊ नये म्हणून.

1882 साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी विचारले होते की, कष्टकऱ्यांच्या घामातून आलेला पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर का खर्च होतो? आज धडे फुकट आहेत, असे सांगितले जाते. फुकट धड्यापर्यंत पोहोचण्यासाठी मोबाईल, रिचार्ज आणि रिकामी संध्याकाळ लागते, आणि या तिन्ही गोष्टी ऊसतोडीच्या फडात उगवत नाहीत. प्रश्न तोच आहे, फक्त साधन बदलले आहे.

भाची पास झाली. सामाजिक शास्त्रांत तिला चांगले गुण मिळाले. घरात पेढे वाटले, मीही खाल्ले. नळ अजून शेवटालाच आहे. तिने अर्जाची दुसरी प्रत काढली आहे आणि त्यावर पंधराव्या कलमाचा आकडा घातला आहे. यावेळी मी काहीही खोडलेले नाही.