अदृश्य होण्याची कला

वास्तववादाची चर्चा आपल्याकडे बहुधा कादंबरीपुरतीच होते. फार तर एखाद्या नाटकाचे नेपथ्य किंवा एखादा चित्रपट त्या चर्चेत ओढला जातो. परंतु वस्तू जशी आहे तशीच उभी करण्याचा जो हट्ट विमानयुद्धाच्या संगणकी खेळांत आज चालू आहे, त्याच्यापुढे आमच्या ग्रामीण कादंबरीतले पानभर चाललेले मोटेचे वर्णनही फिके पडावे. हे पोरखेळ आहेत असे समजून समीक्षकांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली आहे. मी कादंबऱ्या लिहितो, पनवेलच्या एका शाळेत मराठी शिकवतो आणि माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेलेले नाही. तेव्हा सौंदर्यशास्त्राची जड शस्त्रे मजजवळ नाहीत. तरीही एका माजी विद्यार्थ्याच्या घरी रविवारच्या रविवारी हे खेळ पाहून आणि थोडेफार खेळून माझे जे मत बनले, ते येथे मांडावयाचे आहे.

ज्याला डीसीएस वर्ल्ड म्हणतात तो खेळ मुळात फुकट मिळतो. पैसे मोजावे लागतात ते त्याच्या पुरवण्यांसाठी. एकेक विमान ही एकेक पुरवणी, आणि ती करणारी मंडळीही पुष्कळदा निरनिराळी. त्यांतली मिग-२१ बिस या विमानाची पुरवणी २०१४ साली निघाली. नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात ही विमाने वर्षानुवर्षे बांधली गेली आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला आपल्या वायुदलाने मिग-२१ ला अखेरचा निरोप दिला, म्हणजे आता आमच्या पोरांना हे विमान उडताना दिसणार ते पडद्यावरच. त्याच्या कॉकपिटातली कळ न् कळ दाबता येते. ठरल्या क्रमाने बटणे दाबली नाहीत तर इंजिन सुरू होत नाही, आणि उतरताना वेग राखला नाही तर विमान दगडासारखे खाली येते. माझा विद्यार्थी पहिले तीन आठवडे नुसता विमान सुरू करावयास शिकत होता. एखाद्या कादंबरीने वाचकाकडून इतका धीर मागितला असता तर प्रकाशकाने तिचे हस्तलिखित परत पाठवले असते!

पण मला गुंतवून ठेवले ते बटणांनी नव्हे. या खेळातली खरी नाट्यमय गोष्ट म्हणजे न दिसणे.

रडारच्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. एवढ्या दोन गोष्टींतून सगळे नाट्य निघते. दहा मीटर उंचीवर बसवलेल्या रडारला सहा हजार मीटरवरून येणारे विमान सुमारे ३३० किलोमीटरवरूनच दिसू शकते. तेच विमान जमिनीपासून तीस मीटरवर आले तर ते जवळजवळ ३५ किलोमीटरवर येईपर्यंत क्षितिजाआड राहते. ताशी नऊशे किलोमीटर वेगाने हे अंतर तोडावयास अडीच मिनिटेही लागत नाहीत. मध्ये डोंगर असला तर तेवढाही अवधी शत्रूला मिळत नाही. आणखीही युक्त्या आहेत. नव्या रडारांना जवळ येणारे किंवा दूर जाणारे विमान लहरींच्या बदललेल्या कंपनावरून कळते. म्हणून वैमानिक विमान आडवे घालतो, रडारच्या दृष्टिरेषेला काटकोन करून उडतो. मग ते यंत्र त्याला जमिनीचाच एक भाग समजून गाळून टाकते. तिसरी युक्ती धातुमय पट्ट्यांचा चुरा हवेत उधळण्याची. रडारला एका विमानाऐवजी ढगभर विमानांचा भास होतो. कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोगलांना भलत्याच वाटेला लावल्याची आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. तिच्यातली कल्पना हीच.

आता कथनाच्या दृष्टीने पाहा. मिगच्या कॉकपिटात चार लहान दिवे असतात, पुढचे दोन आणि मागचे दोन. आपल्यावर कोठून तरी रडारचा झोत फिरला की त्या बाजूचा दिवा लुकलुकतो आणि कानात टिकटिक होते. कोणी पाहिले, किती दूरवरून, शत्रू की मित्र, यांतले काहीच तो दिवा सांगत नाही. वैमानिक विमान आणखी खाली घेतो, दरीत शिरतो, दिवा विझतो. पुन्हा लुकलुकतो. भयाचे इतके काटकसरीचे चित्रण मी फार थोड्या कादंबऱ्यांत वाचले आहे. शत्रूचा चेहरा नाही, संवाद नाही, पार्श्वसंगीत नाही. केवळ आपण कोणाच्या तरी नजरेत आहोत ही जाणीव. आमच्या रहस्यकथा लिहिणाऱ्यांनी एक रविवार या चार दिव्यांपुढे बसून काढावा.

येथवर माझी तक्रार नाही. तक्रार सुरू होते ती विमान खाली आल्यावर.

लपावयाचे तर जमिनीलगत यावे लागते. म्हणजे ज्या क्षणी वैमानिक जमिनीच्या अगदी जवळ असतो, तोच या खेळाचा उत्कट क्षण. आणि नेमक्या त्याच क्षणी खेळाचा वास्तववाद संपतो. खाली घरे आहेत, रस्ते आहेत, त्यांवरून मोटारी धावतात. पण तीस मीटरवरून कानठळ्या बसवीत विमान गेले तरी कोणी दारात येत नाही, गुरे उधळत नाहीत, मूल रडत नाही. ज्यांनी इंजिनाच्या उष्णतामापकाचा काटा योग्य वेळी थरथरावा म्हणून महिने घालवले, त्यांना हे सुचू नये काय? संगणकाची शक्ती मर्यादित असते हे उत्तर मला ठाऊक आहे. परंतु काय गाळावयाचे हे ठरवताना कलावंताची दृष्टी उघडी पडते. फडके-खांडेकरांचा कला आणि जीवन हा जुना वाद आपण कंटाळून सोडून दिला. येथे तो अगदी शाळकरी आकृतीत पुन्हा समोर येतो. तंत्र पूर्ण, जीवन वजा.

गनिमी काव्याची तुलना म्हणूनच मला अर्धीच पटते. मावळ्याला डोंगर लपवीत असे हे खरे. पण त्या डोंगरातली माणसेही त्याला लपवीत. वाट दाखवणारा, भाकरी देणारा आणि विचारले तर 'कोणी दिसले नाही जी' म्हणणारा तेथे होता. पडद्यावरच्या वैमानिकाला दरी पुरते, दरीतले गाव त्याला लागत नाही.

डीसीएसमध्ये युद्ध आहे, पण जमीन तुकड्या-तुकड्यांनी विकत मिळते: नेवाडा, सीरिया, पर्शियन आखात. आपला सह्याद्री मी पाहिला तो दुसऱ्या खेळात, मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये. त्याच्या २०२० च्या आवृत्तीत उपग्रहाच्या छायाचित्रांवरून अवघी पृथ्वी उभी केली आहे. मात्र तेथे शस्त्र नाही, शत्रूचे रडार नाही. ज्याच्याजवळ भूमी आहे त्याच्याजवळ युद्ध नाही, आणि ज्याच्याजवळ युद्ध आहे त्याच्याजवळ आपली भूमी नाही. या अवघ्या पृथ्वीतही मुद्रितदोष असतात बरे का! मेलबर्नच्या एका साध्या वस्तीत दोन मजली घराच्या जागी दोनशे बारा मजल्यांचा मनोरा उभा राहिला होता, कारण नकाशात माहिती भरताना कोणाचे तरी बोट चुकले. माझ्या पहिल्या कादंबरीच्या मुद्रितशोधकाची मला सहानुभूतीने आठवण झाली.

हसण्यावारी न नेण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. आमच्या पनवेलच्या दाराशी, उलव्याला, नवी मुंबईचा विमानतळ झाला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला तेथून प्रवासी विमाने उडू लागली. त्याच्यासाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचे पात्र वळवले आणि दहा गावे उठली: चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, वाघिवली आणि इतर. या गावांतली मुले माझ्या वर्गात बसलेली आहेत. खेळातल्या भूमीला मात्र छायाचित्र ज्या दिवशी काढले तेवढाच इतिहास असतो. छायाचित्र बदलले की गाव पुसले जाते, आणि ते तेथे होते याची खूणही राहत नाही.

मग खऱ्या आकाशात लपण्याची कला कोणी वापरली, तेव्हा काय घडले? त्यासाठी लांब जावयास नको, गोव्याला जावे. १८ डिसेंबर १९६१ रोजी पुण्याहून निघालेल्या बारा कॅनबेरा विमानांनी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली दाबोळीच्या धावपट्टीवर ६३ हजार पौंड बाँब टाकले. हुकूम असा होता की, धावपट्टी मोडावी, इमारतींना धक्का लावू नये. तो पाळला गेला. नंतर आठ कॅनबेरांचा दुसरा हल्ला झाला. पोर्तुगीजांची दोन प्रवासी विमाने, एक सुपर कॉन्स्टेलेशन आणि एक डीसी-४, तेथेच उभी होती. त्या रात्री विमानतळावरच्या कामगारांनी घाईघाईने धावपट्टीचा एक भाग दुरुस्त केला. कॉन्स्टेलेशनमधल्या जादा खुर्च्या आणि नको ते सामान बाहेर फेकले गेले. काही पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या कुटुंबांना घेऊन ते विमान अवघ्या सातशे मीटरांत उचलले गेले. धावपट्टीवरचे दगडगोटे उडून त्याच्या अंगाला पंचवीस भोके पडली, एक टायर बसला. मागून डीसी-४ निघाले. अंधारात, समुद्राच्या अगदी लगत उडत, भारतीय पहाऱ्याला हुलकावणी देऊन दोन्ही विमाने कराचीला पोचली.

गोवामुक्तीच्या लढ्यात हुतात्मा झालेले हिरवे गुरुजी आमच्या पनवेलचे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी नि:शस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, हे येथल्या जुन्या माणसांकडून मी ऐकत आलो. तेव्हा त्या दोन विमानांविषयी मला कळवळा यावा असे काही कारण नाही. तरी कादंबरीकार म्हणून मला त्या कॉन्स्टेलेशनमध्ये बसावेसे वाटते, आणि बाँब नेमके धावपट्टीवरच पडावेत म्हणून कॅनबेरात श्वास रोखून बसलेल्या माणसाशेजारीही बसावेसे वाटते. दोघेही आपापल्या परीने संयमाची आणि भीतीची किंमत मोजत होते.

माझ्या विद्यार्थ्याने हे उड्डाण माझ्यासाठी करून दाखवले. कॉन्स्टेलेशनच्या पुरवण्या मिळतात. दाबोळीहून कराचीपर्यंत सुमारे साडेबाराशे किलोमीटर, काळोखात, लाटांना चिकटून. तीनएक तास आम्ही पडद्यावर जवळजवळ काहीही पाहिले नाही, आणि तो अनुभव उत्तम होता हे मान्य केले पाहिजे. उड्डाणापूर्वी वजनाचा तक्ता भरावा लागतो. त्यात प्रवाशांचा रकाना असतो. तेथे किलोग्रॅमचा आकडा घालावयाचा. त्याने मला विचारले, "सर, किती घालू?"

डीसीएसमध्ये मोहिमा रचण्याची सोय आहे. कोणते लक्ष्य उडवावयाचे आणि कोणत्या इमारतीला स्पर्श झाला तर मोहीम फसली, हे रचणाऱ्याला ठरवता येते. मी पाहिलेल्या मोहिमांत उडवावयाच्या गोष्टींची यादी लांबलचक होती, राखावयाच्या गोष्टींची मला आढळली नाही. दाबोळीची ती रात्र कोणी पुरवणी म्हणून लिहावयास घेतली, तर सातशे मीटरांचे गणित, फुटका टायर आणि समुद्रावरचा पहारा ही मंडळी बिनचूक उतरवतील याविषयी मला शंका नाही. त्यांनी आरंभ मात्र त्याच्या दोन-तीन तास आधी करावा. खड्डे बुजवणारी माणसे अंधारात घमेली उचलत आहेत. ती कोणत्या गावची, कोणत्या भाषेत बोलत होती, मजुरी कोणाकडून घेणार होती, कारण ती देणारा उद्या तेथे असणार नव्हता, आणि ज्यांच्यासाठी ही पट्टी सपाट करतो आहोत ते निघून गेल्यावर सकाळी आपण कोणाला काय सांगणार, याची त्यांच्यात काही कुजबुज झाली असेलच.