न थांबणारा लेखनिक

३० नोव्हेंबर २०२२ रोजीं चॅटजीपीटी सर्वांस खुलें झालें, आणि तेव्हांपासून वाङ्मयाच्या घरांत एक नवी भाऊबंदकी उभी राहिली आहे. तरुण मंडळी हें लेखनयंत्र कागद-पेन्सिलीइतक्या सहजपणें वापरतात. वडीलधाऱ्यांच्या कपाळाला त्याचें नांव निघतांच आठ्या पडतात. या भेदाचा उलगडा बहुधा वयावरून करण्यांत येतो. म्हातारे नव्याला भितात, तरुण नव्याला भुलतात, एवढें म्हटलें म्हणजे विषय संपला असा समज आहे. आम्हांस हा उलगडा अपुरा वाटतो. आणि तो कां, हें तीन लेखकांच्या उदाहरणांवरून सांगण्याचा येथें विचार आहे.

प्रथम तरुणांच्या बाजूचा एक दाखला घेऊं. गणपत कृष्णाजींनीं १८३१ सालीं मुंबईंत शिळाछापावर पंचांग काढलें. त्या काळीं छापील कागदास शिवण्यास कांहीं सनातनी मंडळी कचरत, कारण शाईंत चरबी असते अशी त्यांची शंका. गणपत कृष्णाजींनीं शाईंत तूप घालून त्या शंकेची सोय लाविली अशी हकीकत आहे. आजचे वडील त्याच मंडळींचे वारस होत, असें कोणी म्हणेल. दाखला चटकदार आहे, पण लागू नाहीं. छापखान्यानें पंचांग छापलें, मांडलें नाहीं. तिथि-नक्षत्रांचें गणित जोश्यानेंच केलें. शाई बदलून सुटणारा तो प्रश्न होता. आजचा प्रश्न वाक्य कोणाचें हा आहे, आणि त्याला तुपाचा उपाय नाहीं.

वडिलांची बाजूही तितकीच सैल आहे. ऑस्ट्रेलियाचे गीतकार निक केव्ह (जन्म १९५७) यांना त्यांच्या चाहत्यांनीं त्यांच्याच धर्तीवर यंत्राकडून रचविलेलीं गीतें पाठविलीं. जानेवारी २०२३ मध्यें त्यांनीं जाहीर उत्तर दिलें, त्याचा आशय असा कीं, गीत हें भोगलेल्या दुःखांतून येतें, आणि यंत्रानें कांहीं भोगलेलेंच नसतें. हें आम्हांस मनापासून पटतें. परंतु यांत एक गोम आहे. ज्याचा आवाज चाळीस वर्षांत घडून चुकला, त्यास यंत्राला ‘नको’ म्हणण्यास कांहींच किंमत पडत नाहीं. शिवाय आमच्याकडील ज्या थोर गृहस्थांचीं भाषणें व प्रस्तावना आजवर हाताखालच्या माणसांनीं लिहून दिल्या, त्यांनीं यंत्राविरुद्ध शुचितेचा झेंडा उभारावा, हें पाहून हंसूं येतें.

आतां तरुण पक्ष. जपानी लेखिका रिए कुदान (जन्म १९९०) यांच्या कादंबरीस जानेवारी २०२४ मध्यें अकुतागावा पारितोषिक मिळालें, आणि त्यांनीं सांगून टाकलें कीं, कादंबरींतील सुमारें पांच टक्के मजकूर यंत्राचा जसाच्या तसा आहे. गहजब झाला. पण टीकाकारांनीं कादंबरीचा विषय पाहावयास हवा होता. टोकिओंत एक उत्तुंग तुरुंग उभारावयाचा आहे, तो रचणारी स्थापत्यकार स्त्री शब्दांविषयीं विलक्षण चिकित्सक आहे, आणि कोणासच न बोंचणारी गुळगुळीत भाषा हा तिच्या तळमळीचा विषय आहे. यंत्राची वाक्यें यंत्राच्याच उत्तरांच्या रूपानें तेथें आलीं आहेत. म्हणजे लेखिकेनें यंत्राकडून लिहवून घेतलें नाहीं. त्यास साक्षीदार म्हणून उभें केलें.

तिसरें उदाहरण मधल्या वयाचें, आणि आमच्या मतें सर्वांत बोधप्रद. वौहिनी वारा (जन्म १९८२) या अमेरिकन लेखिकेनें ऑगस्ट २०२१ मध्यें ‘द बिलीव्हर’ नियतकालिकांत ‘घोस्ट्स’ हा लेख लिहिला. त्यांची बहीण कर्करोगानें वारली होती, आणि त्या मृत्यूविषयीं त्यांना वर्षानुवर्षें लिहितां आलें नव्हतें. त्यांनीं एक वाक्य लिहून जीपीटी-३ पुढें ठेविलें व उरलेलें त्यास पुरें करूं दिलें. मग स्वतःचें लिखाण वाढवीत हेंच नऊ वेळां केलें. आरंभीं यंत्र जी कहाणी रचतें तींत बहीण चक्क बरी होते. जसजशा लेखिका अधिक लिहितात तसतशी यंत्राची जागा आक्रसते, आणि शेवटीं बहुतेक मजकूर त्यांचाच राहतो. खोटें ऐकवलें न गेल्यामुळें खरें सांगणें भाग पडावें, असा हा प्रकार आहे.

येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें कबूल केली पाहिजे. बहिणीनें धरलेला हात आणि आज लिहिणारा हात एकच, ही त्या लेखांतील अत्यंत हृद्य कल्पना यंत्राची, असें लेखिकेनेंच २०२३ सालीं लिहिलें आहे. ज्याला हात नाहीं तें हाताविषयीं काय लिहिणार, हा आमच्यासारख्यांचा मुद्दा येथें लंगडा पडतो. मात्र यंत्राच्या लिखाणाच्या राशींतून तें एक वाक्य ओळखून ठेवणारी दृष्टि लेखिकेची होती. आणि ती दृष्टि यंत्राच्या आधीं, स्वतःच्या कच्च्या वाक्यांवर, तयार झाली होती.

तेव्हां खरी रेषा वयाची नसून उमेदवारीची आहे. वारा व कुदान यांनीं लिहिणें यंत्रावांचून शिकून घेतलें होतें, म्हणून काय सोंपवावें व काय राखावें हें त्यांस कळलें. ज्याची उमेदवारीच यंत्राच्या हातीं गेली, त्या वीस वर्षांच्या मुलास राखण्याजोगें आपलें असें काय कळणार? महाभारताच्या लेखनाची कथा सर्वांस ठाऊक आहे. लेखणी थांबतां कामा नये ही गणपतीची अट. अर्थ समजल्यावांचून अक्षर उतरूं नये ही व्यासांची. त्या दुसऱ्या अटीच्या बळावर व्यास कूट श्लोक घालीत आणि स्वतःस विचाराला अवधि मिळवीत. आजचा लेखनिक पहिली अट उत्तम पाळतो. दुसरी त्यास कोणीं घातलेलीच नाहीं. आणि अवधि हवा असतो तो लेखनिकास नव्हे, लेखकास.

म्हणून तरुणांस आमचें सांगणें इतकेंच कीं, पहिला खर्डा स्वतःच्या हातानें करावा आणि अडावें. अडण्यांतच आपली भाषा सांपडते. वडिलांस मात्र सांगणें नसून एक प्रश्न आहे. नवशिक्याचें कच्चें पान वाचून त्यावर चार ओळी लिहून देण्यास आपल्यापैकीं किती जणांस सवड असते? तो यंत्राकडे जातो तो केवळ आळसानें जातो असें नाहीं. मध्यरात्रींही त्याचें लिखाण न कंटाळता पाहणारें दुसरें कोणी त्यास सांपडत नाहीं. ही जागा आम्हीं रिकामी ठेविली, आणि यंत्रानें ती भरली.