बायोडिझेलच्या तक्त्यावर नसलेले पाणी

विज्ञान प्रदर्शनांतला बायोडिझेलचा प्रयोग आता जुना झाला आहे. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडाच्या लागवडीचा मोठा कार्यक्रम सुचवला. त्या सुमारास हा प्रयोग शाळा-महाविद्यालयांच्या टेबलांवर आला आणि मोगली एरंडाचा उत्साह ओसरल्यावरही टिकून राहिला. तेल तेवढे बदलले. करंजाच्या तेलाबरोबर भज्यांच्या कढईतले तेल आले. बीड जिल्ह्यात आम्ही पाहिलेल्या मांडण्यांतला तक्ता मात्र साधारण एकच असतो. तेल, मिथेनॉल, कॉस्टिक सोडा, मग एक बाण आणि बाणाच्या टोकाला ट्रकचे चित्र. आमची तक्रार त्या बाणाविषयी आहे.

तक्त्याच्या कोपऱ्यात बहुधा रुडॉल्फ डिझेलचे छायाचित्र असते आणि खाली लिहिलेले असते की त्याचे इंजिन शेंगदाण्याच्या तेलासाठीच बनले होते. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात ऑटो कंपनीने एक लहान डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवले, हे खरे. पण ते साधे तेल होते, बायोडिझेल नव्हे. वनस्पती तेलाचे अल्कोहोलशी संयोग करून इंधन करण्याचे पेटंट बेल्जियममध्ये १९३७ साली शावान यांना मिळाले. हा दोष लहान आहे, एका ओळीत दुरुस्त होतो. बाणाचे तसे नाही.

अभिक्रियेचा हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा. एक लीटर तेलाचे वजन सुमारे ९२० ग्रॅम. तेलाच्या रेणूचे वजन ८८० धरले तर एक मोलहून थोडे अधिक तेल झाले. त्याला तिप्पट मोल मिथेनॉल लागते, म्हणजे सुमारे १०० ग्रॅम, अर्थात १२५ ते १३० मिलिलीटर. तक्त्यावर मात्र २०० मिलिलीटर लिहिलेले असते. ते बरोबरच आहे. ही अभिक्रिया उलटही जाते, म्हणून तिला पुढे ढकलायला मिथेनॉल जास्त घालावे लागते. पण मग उरलेले ७० मिलिलीटर कुठे गेले? हा प्रश्न आम्ही जिथे जिथे विचारला तिथे मुले एकमेकांकडे पाहू लागली. तो त्यांना कोणी विचारलाच नव्हता.

त्यातले बरेचसे खालच्या ग्लिसरीनच्या थरात जाते. बाकीचे वरच्या थरात राहते, म्हणजे ज्याला आपण बायोडिझेल म्हणून बाटलीत भरतो त्यात. समजा तिथे फक्त २० मिलिलीटर राहिले. ते झाले १६ ग्रॅम. लीटरभर बायोडिझेल सुमारे ८८० ग्रॅमचे, म्हणजे शेकडा १.८. भारतीय मानकाची (आय. एस. १५६०७) मर्यादा आहे शेकडा ०.२. आपली बाटली नऊपट पुढे गेली.

हा आकडा केवळ कागदी नाही. शुद्ध बायोडिझेलची वाफ ठिणगीने पेटायला दीडशे अंशांच्या वर तापमान लागते; ‘डिझेलपेक्षा सुरक्षित’ असे तक्त्यावर लिहितात ते यामुळेच. शेकडा एक मिथेनॉल राहिले तरी हेच तापमान चाळीस अंशांच्या खाली येऊ शकते. बीडच्या मे महिन्यात ट्रकची टाकी उन्हात याहून सहज जास्त तापते. तक्त्यावरचे वाक्य खरे, पण ते बाटलीतल्या द्रवाला लागू नाही. शिवाय मिथेनॉल जहरी आहे. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसे मेली, ती मिथेनॉलमुळे. त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. ज्या खोलीत हे मिश्रण तापवले जाते तिथे गॅसचा बर्नर असू नये, पाण्याचे गरम भांडे असावे आणि खिडक्या उघड्या असाव्यात. काही मांडण्यांत आम्ही याच्या उलट पाहिले.

मग मिथेनॉल काढायचे कसे? ते ६५ अंशांना उकळते, तेव्हा तापवून काढावे, असे हुशार विद्यार्थी सांगतात. उत्तर चांगले आहे. फक्त केव्हा तापवावे, हे त्यात येत नाही. ग्लिसरीन वेगळे करण्याआधी, उत्प्रेरक शिल्लक असताना मिथेनॉल उडवले तर अभिक्रिया मागे फिरते आणि हाती आलेले बायोडिझेल पुन्हा तेलाकडे जाऊ लागते. अकरावी-बारावीला शिकवलेले ला शातेलिएचे तत्त्व इथे डोळ्यांसमोर घडते. त्यासाठी वेगळा प्रयोग मांडायला नको.

दुसरा मार्ग धुण्याचा. कोमट पाण्याचे तुषार सोडले की मिथेनॉल, साबण, उरलेला सोडा आणि ग्लिसरीन पाण्यात उतरतात. तीन-चार धुण्यांत बायोडिझेलएवढे किंवा त्याहून जास्त पाणी जाते. इथे बीडच्या शिक्षकांनी थांबावे असे आम्हांला वाटते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, कारण मांजरा धरण आटले होते. ते धरण आपल्याच केज तालुक्यात धनेगावला आहे. अशा मुलखात ‘हरित इंधन’ म्हणून मांडलेल्या वस्तूमागे लीटरला लीटरभर पाणी खर्च होते, आणि ते मोरीत सोडले तर साबण, सोडा आणि मिथेनॉल घेऊन जाते, ही गोष्ट तक्त्याबाहेर ठेवणे प्रामाणिकपणाचे नाही. पाणी न वापरता लाकडाच्या भुशातून, मॅग्नेशियम सिलिकेटमधून किंवा रेझिनमधून गाळण्याच्या पद्धती आहेत. त्या साबण आणि ग्लिसरीन धरतात. मिथेनॉल मात्र आधी उडवूनच काढावे लागते.

धुतल्यावर पाणी आले, आता ते काढा. इथली समजूत आम्हांला सर्वांत घातक वाटते : बायोडिझेल गढूळ होते, निवळून पारदर्शक झाले, म्हणजे कोरडे झाले. खनिज डिझेलात पाणी जेमतेम विरघळते, दशलक्षात शंभर भागांच्या आसपास किंवा कमीच. बायोडिझेलात ते हजाराच्या वर विरघळते. मानकाची मर्यादा आहे दशलक्षात ५००. म्हणजे मर्यादेच्या दुप्पट पाणी असलेले बायोडिझेलही काचेसारखे स्वच्छ दिसू शकते. दुपारी विरघळलेले पाणी पहाटेच्या गारव्यात थेंब होऊन टाकीच्या तळाशी बसते. दोनशे लीटरच्या टाकीत ५०० भाग म्हणजे ८८ ग्रॅम, जवळजवळ एक कप चहा. हजार भाग असले तर दोन कप. ट्रकच्या इंधनपंपातल्या आणि नोझलमधल्या फटी काही मायक्रॉनच्या असतात. तिथे गंज चढतो. तळाच्या पाण्यात जिवाणू वाढतात आणि त्यांचा चिकट थर फिल्टर बुजवतो. दसऱ्यानंतर ऊसतोड कामगारांच्या टोळ्या ट्रकमध्ये बसून जिल्ह्याबाहेर निघतात. असा ट्रक रात्री घाटात बंद पडला तर भुर्दंड तक्ता लिहिणाऱ्याला बसत नाही.

वाळवण्याचा भाग शिकवायला मात्र सुरेख आहे. कोमट बायोडिझेलातून हवेचे बुडबुडे सोडले की विरघळलेले पाणी हवेच्या आर्द्रतेशी समतोल साधू लागते. संपृक्त प्रमाण १५०० धरा. हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल तर बायोडिझेलात सुमारे ४५० भाग पाणी उरेल, मर्यादेत बसले. आर्द्रता ९० टक्के असेल तर १३५० उरेल, मग दिवसभर बुडबुडे सोडले तरी फरक पडणार नाही. त्याच उपकरणाने, त्याच बाटलीत, एप्रिलमध्ये काम होते आणि भर पावसाळ्यात होत नाही. बीडच्या कोरड्या उन्हाळ्याला इतका थेट उपयोग क्वचितच सापडेल. मिथेनॉल आधी निघालेले हवे, नाहीतर बुडबुड्यांबरोबर पेटणारी वाफ खोलीत पसरेल. आणि फार वेळ तापवून हवा सोडली तर तेल खवट व्हावे तसे बायोडिझेलही बिघडते. कारखान्यांत निर्वातात वाळवतात ते यासाठी.

परीक्षकांविषयीही थोडे बोलले पाहिजे. ते कापसाची वात भिजवून पेटवायला लावतात आणि जळली की गुण देतात. साधे तेलही वातीवर जळते, दिवाळीत घरोघर जळते. मिथेनॉल जास्त राहिलेला नमुना तर अधिकच चटकन पेटेल, म्हणजे सदोष नमुन्याला जास्त गुण! त्याऐवजी नमुना तापवण्याआधी आणि नंतर तोलून घट मोजायला सांगावे. मग नवी अडचण निघते : १०० ग्रॅम नमुन्यात ५०० भाग पाणी म्हणजे ०.०५ ग्रॅम, आणि शाळेचा तराजू बहुधा ०.१ ग्रॅमपर्यंतच मोजतो. शिवाय घट पाण्याची की मिथेनॉलची, हे तराजू सांगत नाही. ‘आमच्या साधनांनी हे इंधन ट्रकला चालेल की नाही ते ठरवता येत नाही’ असे ज्या तक्त्यावर लिहिलेले असेल, त्याला आम्ही पहिला क्रमांक देऊ. २०१८ च्या राष्ट्रीय धोरणाने २०३० पर्यंत डिझेलात ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. तेही मानकाला उतरलेले बायोडिझेल, बाटलीतले नव्हे. प्रदर्शनातली बाटली कंदिलातही घालू नये. ती बूच लावून, ‘मिथेनॉलयुक्त’ अशी चिठ्ठी चिकटवून, कुलुपात ठेवावी.