मूळ सॉफ्टवेअर खुलं झालं, मग नक्कल गुंडाळायची का?

एखादं सॉफ्टवेअर बंदिस्त असतं, म्हणून काही लोक वर्षानुवर्षं खपून त्याच्यासारखंच चालणारं मुक्त सॉफ्टवेअर लिहितात. मग एक दिवस मूळ कंपनीच आपला सोर्स कोड खुला करते. लगेच सल्ला येतो : झालं काम, आता नक्कल बंद करा. मला हा सल्ला अर्धवट वाटतो. कोड खुला झाला हे ठीक, पण त्याबरोबर हक्क किती मिळाले?

योगायोगाने ‘हार्मनी’ याच नावाचे दोन प्रकल्प इथे उपयोगी पडतात.

पहिला क्यूटीचा. लिनक्सवरचा केडीई हा डेस्कटॉप १९९६ पासून ट्रोलटेक कंपनीच्या क्यूटी लायब्ररीवर उभा राहिला. क्यूटी फुकट मिळायची, पण त्यात बदल करून ती वाटायची परवानगी नव्हती. म्हणून हार्मनी ही मुक्त नक्कल सुरू झाली. २००० मध्ये क्यूटी जीपीएल परवान्याखाली आली आणि हार्मनीची गरज संपली. ती थांबली हे योग्यच झालं. कारण नुसता परवाना नव्हता, १९९८ मध्ये एक करारही झाला होता : कंपनीने बारा महिने मुक्त आवृत्ती काढली नाही, तर क्यूटी बीएसडीसारख्या सैल परवान्याखाली सोडता येईल. पुढे क्यूटी नोकियाकडे गेली, मग डिजियाकडे. करार मात्र टिकला. म्हणजे नक्कल ज्या भीतीपोटी लिहिली जात होती, त्या भीतीचाच बंदोबस्त झाला.

दुसरी हार्मनी अपाचे फाउंडेशनची, २००५ मध्ये सुरू झालेली, जावासाठी. सन कंपनीने २००६-०७ मध्ये जावा जीपीएलखाली खुली केली. आता गंमत बघा. एखादी आवृत्ती खरोखर ‘जावा’ आहे हे ठरवणारा चाचणी-संच सनच्याच हातात राहिला. अपाचेला तो देताना वापरावर बंधनं घातली. ओपनजेडीकेपासून बनलेल्या आवृत्त्यांना मात्र तो वेगळ्या परवान्याने मिळू लागला. कोड खुला, पण परीक्षेचा पेपर मालकाकडे! २०१० मध्ये आयबीएम ओपनजेडीकेकडे गेली आणि २०११ मध्ये हार्मनी बंद झाली. इथे प्रश्न सुटला नव्हता, फक्त माणसं कमी पडली.

आणि तोवरची मेहनत वाया गेली म्हणावं, तर तेही नाही. अँड्रॉइडच्या मूळ लायब्ररीत हार्मनीचाच कोड होता. ग्नू क्लासपाथ ही जावाची आणखी जुनी मुक्त नक्कल. सनने खुल्या केलेल्या जावात काही तुकडे बंदिस्तच होते, आणि २००७ मध्ये रेड हॅटच्या आइस्डटी प्रकल्पाने त्यातले काही क्लासपाथच्या कोडने भरले. म्हणजे नकलेनेच मूळ सॉफ्टवेअर पूर्ण मुक्त व्हायला हात दिला.

दोन्हीकडे तेच काम करत राहण्यात मनुष्यबळ जातं, हा आक्षेप मला मान्य आहे. पण त्याआधी विचारायला हवं : उद्या मालक बदलला तर आपली वेगळी शाखा काढता येईल का? आणि ती ‘सुसंगत’ आहे हे कोण ठरवणार? दोन्हींची उत्तरं लेखी असतील तर नक्कल खुशाल थांबवा, तिचा कोड मुळात मिसळा. नसतील तर निदान चालू स्थितीत ठेवा.

संशोधकांनी हे दुसऱ्यांचं भांडण समजू नये. सूक्ष्मदर्शकाची चित्रं मोजणारं इमेजजे जावावर चालतं, आणि मॅटप्लॉटलिबचे आलेख अनेकदा क्यूटीच्या खिडकीत उघडतात. दहा वर्षांनी कुणाला आपलं विश्लेषण पुन्हा चालवून बघायचं असेल, तर ते जमेल की नाही हे याच उत्तरांवर अवलंबून आहे.