ऐंशी डॉलरचा दात

अमेरिकन पत्रकार मेरी ऑटो यांचे ‘टीथ’ हे पुस्तक २०१७ साली आले. दात दुखतो तेव्हा पैसे कोणी द्यायचे आणि कुठपर्यंत, हा त्याचा गाभ्याचा प्रश्न. विम्याची माहितीपत्रके त्याचे उत्तर आकड्यांत देतात. ऑटो ते माणसांच्या आयुष्यात शोधतात, आणि मग आकडेही उलगडू लागतात.

पुस्तकाच्या मुळाशी आहे मेरीलँडच्या डिमाँटे ड्रायव्हरची हकिकत. ऑटो यांनी ती आधी ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये लिहिली होती. फेब्रुवारी २००७ मध्ये हा बारा वर्षांचा मुलगा गेला. किडलेल्या दातातला संसर्ग मेंदूत शिरला होता; दोन शस्त्रक्रिया करूनही तो वाचला नाही. दात काढायला लागले असते सुमारे ऐंशी डॉलर, इस्पितळाचा खर्च गेला अडीच लाख डॉलरच्या घरात. ऑटो हे दोन आकडे शेजारी ठेवतात, आक्रोश करत नाहीत. वाचकाचा जीव मात्र त्या दोन आकड्यांमध्ये अडकून राहतो.

त्याहून खोलवर रुतणारा तपशील पुढे येतो. आई तेव्हा दंतवैद्य शोधत होती ती धाकट्यासाठी. त्याचे सहा दात किडले होते. थोरल्याने फारशी तक्रारच केली नव्हती. गरीब मुलांच्या ‘मेडिकेड’ योजनेत दंतोपचार कायद्यानेच येतात, पण डॉक्टरांना मिळणारे तिचे दर इतके कमी की तिचे रुग्ण घेणारा डॉक्टर मिळता मिळेना. पुढे कुटुंबाचे मेडिकेडही खंडित झाले. कागदावरचे संरक्षण आणि डॉक्टरची खुर्ची यांतले हे अंतर कुठल्याही तक्त्यात छापलेले नसते. ते दाखवून देणे हे या लेखनाचे मोठे बळ.

हे वाचून नोकरदारांच्या खासगी दंतविम्याकडे वळले, की त्याची रचनाही नीट दिसते. तिथे शंभर-ऐंशी-पन्नास हे सूत्र सर्रास आढळते: तपासणी आणि सफाईचे सगळे पैसे कंपनीचे, दात भरण्याचे ऐंशी टक्के, कॅप किंवा ब्रिजचे निम्मे. वर वार्षिक कमाल मर्यादा, बहुधा हजार ते दोन हजार डॉलर. समजा, मर्यादा १,५०० आणि सुरुवातीला स्वतः भरायचे ५०. रूट कॅनाल १,२०० चे, ऐंशी टक्क्यांत धरलेले. कंपनी देणार ९२०. कॅप १,४०० ची. निम्मे म्हणजे ७००. बेरीज १,६२० होते, पण कंपनी १,५०० वर थांबते. एकूण २,६०० पैकी १,१०० रुग्णाच्या खिशातून. त्याच वर्षी दुसरा दात बिघडला, तर सगळा खर्च त्याचाच. एरवी विमा मोठ्या संकटासाठी काढतात. इथे किरकोळ खर्च कंपनी उचलते आणि मोठे ओझे रुग्णाकडे राहते. महागड्या कामांसाठी थांबण्याचा काळ असतो, तो निराळा.

दात उरलेल्या शरीरापासून असा वेगळा का पडला? ऑटो त्यासाठी बाल्टिमोरला नेतात. तिथे चॅपिन हॅरिस आणि होरेस हेडन यांनी वैद्यकीय महाविद्यालयात दंतविद्या शिकवावी असा आग्रह धरला. नकार मिळाला, तेव्हा १८४० मध्ये त्यांनी जगातले पहिले दंतमहाविद्यालय काढले. शिक्षण वेगळे, दवाखाने वेगळे, पुढे विमाही वेगळा. १९६५ च्या ‘मेडिकेअर’ने वृद्धांचे नेहमीचे दंतोपचार वगळले. इतिहासाची ही प्रकरणे डिमाँटेच्या कहाणीला जोडून वाचली की त्यांना धार येते.

ऑटो कोणा एकाला खलनायक ठरवत नाहीत. दंतवैद्यांचे म्हणणेही त्या मनापासून ऐकतात. म्हणूनच त्यांच्या लेखनातला संताप टिकाऊ वाटतो. डिमाँटेच्या मृत्यूनंतर देश हलला. २००९ च्या कायद्याने मुलांच्या ‘चिप’ योजनेत दंतोपचार सक्तीचे झाले.

अमेरिकेतल्या मराठी घरांत दातांची मोठी कामे पुण्या-मुंबईच्या फेरीसाठी राखून ठेवतात. ज्यांना अशी फेरी नाही, त्यांच्यासाठी हे पुस्तक बोलते. पॉलिसी हातात आली की टक्क्यांच्या आधी कमाल मर्यादा पाहावी आणि ती पॉलिसी घेणारा डॉक्टर आपल्या गावात आहे का ते विचारावे. हे दोन प्रश्न ऑटो यांनी मला दिले. विमा घेणाऱ्या प्रत्येकाने ते विचारलेच पाहिजेत.